बंद दार आणि बंबाची घंटा : ‘अग्नी’ व ‘ट्रायल बाय फायर’ यांचा एकत्रित अभ्यास

१. प्रस्तावना

पोलीस, सैनिक, डॉक्टर, वकील ही मंडळी आपल्या पडद्यावर वारंवार येतात. अग्निशामक दलाचा जवान मात्र बहुधा गर्दीच्या एखाद्या दृश्यापुरता दिसतो. बंब येतो, पाइप उलगडला जातो, पाण्याचा फवारा उडतो आणि कॅमेरा पुन्हा नायकाकडे वळतो. त्यामुळे राहुल ढोलकिया दिग्दर्शित ‘अग्नी’ हा हिंदी चित्रपट ६ डिसेंबर २०२४ रोजी प्राइम व्हिडिओवर आला, तेव्हा त्याचे वेगळेपण विषयातच होते. बंबावरचा माणूस इथे कथेच्या मध्यभागी होता.

त्याआधी जवळजवळ दोन वर्षे, १३ जानेवारी २०२३ रोजी, नेटफ्लिक्सवर ‘ट्रायल बाय फायर’ ही सात भागांची मालिका आली होती. दिल्लीतील ‘उपहार’ चित्रपटगृहाच्या आगीवर ती आधारलेली आहे. तिचे केंद्र अग्निशामक नाहीत, आगीत मुले गमावलेले आईवडील आहेत.

प्रस्तुत टिपणात या दोन कलाकृती शेजारी ठेवून वाचल्या आहेत. एक मुंबईची, दुसरी दिल्लीची. एकीत आग विझवणाऱ्याचे धाडस आहे, दुसरीत आग लागण्याआधीची आणि विझल्यानंतरची वर्षे आहेत. या टिपणाचे प्रतिपादन थोडक्यात असे : अग्निशामकाच्या धाडसाची गोष्ट सांगताना ते धाडस कोणामुळे करावे लागले हे सांगितले नाही, तर गौरवाच्या आड मूळ प्रश्न झाकला जातो. बंद दार दाखवल्याशिवाय ते फोडणाऱ्याचे मोल कळत नाही.

२. पूर्वपरंपरा : आगीचे कारण पडद्यावर कसे बदलते

अग्निशामक आणि सिनेमा यांचे नाते जुने आहे. जेम्स विल्यमसन यांचा ‘फायर!’ (१९०१) आणि एडविन पोर्टर यांचा ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ (१९०३) हे दोन्ही लघुपट चित्रपटाच्या बाल्यावस्थेतले. घंटा वाजणे, घोडे जुंपणे, गाडी धावणे, शिडी लावणे, माणूस बाहेर काढणे हा क्रम सिनेमाला तयारच मिळाला. एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात कथा कशी न्यायची, हे सिनेमा ज्या विषयांवर शिकला त्यांत आगीचा विषय होता.

पुढच्या काळातील दोन चित्रपट आपल्या चर्चेसाठी महत्त्वाचे आहेत. हम्फ्री जेनिंग्ज यांच्या ‘फायर्स वेअर स्टार्टेड’ (१९४३) या ब्रिटिश चित्रपटात महायुद्धाच्या काळातील खऱ्या अग्निशामकांनीच भूमिका केल्या. पूर्वार्धात त्यांची रोजची कामे, थट्टामस्करी आणि पियानोभोवतीचे गाणे आहे. उत्तरार्धात एका रात्रीची आग आहे. गोदाम पेटले आहे आणि जवळच दारूगोळ्याचे जहाज उभे आहे. एक सहकारी मरतो, जहाज वाचते. इथे कोणाचे रहस्य उलगडायचे नाही, कोणाला पकडायचे नाही. काम हीच कथा आहे.

दुसरा ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४). हा भव्य व्यावसायिक चित्रपट, पॉल न्यूमन आणि स्टीव्ह मॅक्वीन यांचा. पण त्यातील उंच इमारत पेटते ती हलक्या प्रतीच्या वायरिंगमुळे. पैसे वाचवण्यासाठी आराखड्यातील वायरिंग बदललेले असते. शेवटी अग्निशमन प्रमुख वास्तुरचनाकाराला सांगतो, की इमारती कशा बांधायच्या हे आम्हाला कोणी विचारेपर्यंत आम्ही असेच धूर खात प्रेते बाहेर काढत राहू. प्रसंग मनोरंजनाचा असला तरी त्या बोलण्यात व्यवसायाचे सगळे दुःख आलेले आहे.

याच प्रकारच्या संकटपटांच्या लाटेत आपल्याकडे रवी चोप्रा यांचा ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०) आला. दिल्लीहून मुंबईला निघालेली नवी वेगवान गाडी आणि तिच्यात लागलेली आग ही त्याची कल्पना. मात्र इथे आगीचे कारण बदलले. हलक्या वायरिंगच्या जागी मत्सराने पेटलेला माणूस आला. रणधीर (डॅनी डेन्झोंग्पा) हा प्रतिस्पर्धी गाडीत घातपात करतो. हॉलिवूडच्या चित्रपटात कंत्राटातील काटकसर जे काम करते, ते इथे वैयक्तिक सूड करतो. हा बदल लहान वाटतो, पण तो निर्णायक आहे. कारण सूड घेणारा एक माणूस नाहीसा झाला की प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो. हलकी वायर मात्र प्रत्येकाच्या घरी, कचेरीत आणि चित्रपटगृहात असू शकते.

३. ‘अग्नी’चे बळ : घरातला आणि ठाण्यातला माणूस

‘अग्नी’चा नायक विठ्ठलराव (प्रतीक गांधी) मुंबईच्या अग्निशामक दलात अधिकारी आहे. त्याची पत्नी रुक्मिणी (सई ताम्हणकर). तिचा भाऊ समित (दिव्येंदू) पोलीस अधिकारी. शहरात एकापाठोपाठ आगी लागतात, त्यामागे काही सूत्र असावे असा विठ्ठलरावांना संशय येतो आणि मेहुण्या-मेहुण्यांना एकत्र शोध घ्यावा लागतो. सोबत अवनी (सैयामी खेर), महादेव (जितेंद्र जोशी), जॅझ (उदित अरोरा) हे सहकारी आहेत.

चित्रपटातील सर्वांत चांगली कल्पना या नात्यातच आहे. विठ्ठलरावांच्या मुलाचा आदर्श वडील नाहीत, पोलीस असलेला मामा आहे. मामाकडे पिस्तूल आहे, रुबाब आहे, वर्तमानपत्रात फोटो येतो. वडील घरी येतात ते धुराचा वास घेऊन. एका खात्याची समाजातली उपेक्षा लेखकाने भाषणात न सांगता एका मुलाच्या नजरेत ठेवली आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात भाचा आणि मामा यांचे नाते किती लाडाचे असते हे आपण जाणतो. त्यामुळे बापाचा हा पराभव कडवट न होता केविलवाणा होतो, आणि प्रेक्षक दोघांपैकी कोणावरच रागावू शकत नाही.

नायक-नायिकेच्या नावांकडेही लक्ष द्यावे. विठ्ठल आणि रुक्मिणी ही जोडी मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. विटेवर उभा राहून वाट पाहणारा देव आणि घंटेची वाट पाहणारा अग्निशामक यांच्यात एक साम्य आहे : दोघांचेही काम हाकेवर अवलंबून आहे. हाक आली नाही तर त्यांचे तिथे असणे कोणाच्या लक्षात येत नाही. चित्रपट या साम्याचा मुद्दाम उल्लेख करत नाही, पण पात्राचा स्वभाव त्याच्याशी जुळतो. प्रतीक गांधी यांनी विठ्ठलरावांना मोठ्या आवाजाचा नायक केलेले नाही. त्यांचा राग आत राहतो आणि मुख्यतः थकव्याच्या रूपाने दिसतो. अग्निशामकाच्या थकव्याला हिंदी चित्रपटात प्रथमच एवढी जागा मिळाली, हे श्रेय ‘अग्नी’ला द्यायला हवे.

अवनीच्या पात्रालाही वास्तवाचा आधार आहे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये प्रवेश घेतला, तेव्हा तिथे एकही मुलगी नव्हती. देशातील पहिल्या महिला अग्निशमन अधिकारी म्हणून त्या ओळखल्या जातात. चित्रपटात अवनीचे दलात असणे गृहीत धरलेले आहे, तिच्या स्त्रीत्वाचा सोहळा केलेला नाही, हेही योग्यच.

४. खलनायकाची गरज आणि तिची किंमत

‘अग्नी’ची अडचण त्याच्या कथानकाच्या सांगाड्यात आहे. चित्रपटाची तक्रार अशी, की अग्निशामकाला पोलिसासारखा मान मिळत नाही. पण ही तक्रार मांडताना चित्रपट स्वतः पोलीसकथेचा आधार घेतो. आगी लावणारा कोण? पुरावा कोणता? संशय कोणावर? हे सगळे प्रश्न तपासाचे आहेत. विठ्ठलराव नायक ठरतात ते आग विझवतात म्हणून जेवढे, त्याहून अधिक आगीमागचे रहस्य त्यांना दिसते म्हणून. म्हणजे मुलाच्या नजरेत मोठे होण्यासाठी बापाला थोडे मामासारखे व्हावे लागते. ज्या नजरेवर चित्रपट टीका करतो, तीच नजर तो शेवटी वापरतो.

यावर कोणी म्हणेल, की रहस्याशिवाय दोन तासांचा चित्रपट कसा चालेल? अमेरिकेतील ‘बॅकड्राफ्ट’नेही (१९९१) जाळपोळीच्या शोधाचाच आधार घेतला होता. हा आक्षेप हलका नाही. ओटीटीवरच्या चित्रपटात प्रेक्षक हातात रिमोट घेऊन बसलेला असतो आणि त्याला धरून ठेवावे लागते. पण उत्तरही उपलब्ध आहे. ‘ओन्ली द ब्रेव्ह’ (२०१७) हा चित्रपट ॲरिझोनातील यार्नेल हिल इथल्या वणव्यावर आहे. ३० जून २०१३ रोजी त्यात १९ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्या चित्रपटात कोणी खलनायक नाही. प्रशिक्षण, घरची ओढाताण, वारा आणि भूगोल एवढ्यावर ताण उभा राहतो. ‘फायर्स वेअर स्टार्टेड’ने तर हे आठ दशकांपूर्वी करून दाखवले होते.

‘अग्नी’तील रहस्य कसे सुटते हे इथे उघड करण्याची गरज नाही. आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरेसे आहे, की आगीला एक हेतू आणि एक चेहरा मिळतो. आपल्या शहरांतील आगींना असा चेहरा क्वचितच असतो. त्यांच्यामागे असतात एखाद्या कागदावरच्या सह्या, जिन्यात रचलेला माल, खिडकीला बसवलेली जाळी आणि ‘आजपर्यंत काही झाले नाही’ हे वाक्य. यातले काहीही पकडून बेड्या घालण्याजोगे नाटकी नाही. म्हणूनच ते दाखवणे लेखकासाठी अवघड आणि प्रेक्षकासाठी आवश्यक आहे.

५. ज्वाळा दिसतात, धूर दिसत नाही

दृश्यभाषेचा प्रश्नही या विषयाशी जोडलेला आहे. पडद्यावरील आग पिवळी, लाल, तेजस्वी असते. तिच्या उजेडात नायकाचा चेहरा स्पष्ट दिसतो. इमारतीतील खरी आग अग्निशामकाला बहुतेक वेळा काळोख म्हणून भेटते. धूर वरून खाली उतरत येतो, हातभर अंतरावरचे दिसत नाही. मग भिंतीला हात लावून, गुडघ्यांवर रांगत, श्वसनयंत्राचा आवाज ऐकत पुढे सरकावे लागते. अशा आगीत अनेक माणसे भाजून नव्हे, तर गुदमरून मरतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणसाला पळायची इच्छा होण्याआधीच त्याचे हातपाय गळतात.

चित्रपटाला चेहरा हवा असतो, म्हणून मुखवटा निघतो. त्याला उजेड हवा असतो, म्हणून धूर विरळ होतो. ‘अग्नी’तही ज्वाळांची दृश्ये मेहनतीने रचलेली आहेत आणि त्यांचा परिणाम होतो. पण ज्वाळेवरच भर राहिल्याने प्रेक्षकाच्या मनात आगीचे एक सोपे चित्र पक्के होते : आग समोर असते, तिच्याशी लढता येते, धाडसी माणूस तिच्यात उडी घेतो. धुराचे चित्र वेगळे आहे. धूर जिन्याने वर चढतो, वातानुकूलनाच्या वाटेने फिरतो आणि दार कुठे आहे हे लपवतो. त्याच्याशी लढाई आधीच करायची असते, मोकळा जिना ठेवून आणि उघडणारे दार ठेवून. म्हणजे पडद्यावर धूर नीट दाखवला की इमारत दाखवावी लागते, आणि इमारत दाखवली की तिचा मालक, तिचा नकाशा आणि तिची परवानगी यांचा विषय आपोआप निघतो.

६. दिल्लीची गोष्ट : ‘ट्रायल बाय फायर’

१३ जून १९९७ रोजी दक्षिण दिल्लीतील ग्रीन पार्क भागातल्या ‘उपहार’मध्ये दुपारचा खेळ सुरू होता. जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ त्याच दिवशी प्रदर्शित झाला होता. तळमजल्यावरील वाहनतळाजवळ वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्यात सकाळी बिघाड होऊन आग लागली होती आणि दुरुस्तीही झाली होती. पण केबलचा जोड यंत्राने दाबून बसवायला हवा होता. ते यंत्र उपलब्ध नव्हते, म्हणून तो हातोडीने ठोकून बसवला गेला. संध्याकाळी पाचच्या सुमारास जोड निसटला, ठिणग्या उडाल्या, तेल सांडले आणि शेजारी उभ्या असलेल्या मोटारी पेटल्या.

धूर जिन्यातून वर गेला. खालच्या मजल्यावरचे प्रेक्षक बाहेर पडू शकले. बाल्कनीत मात्र जादा खुर्च्या बसवल्यामुळे उजवीकडची वाट बंद झाली होती, दाराला कडी होती, दिवे गेले होते आणि ध्वनिक्षेपकावरून कोणतीही सूचना दिली गेली नाही. ५९ माणसे गुदमरून आणि त्या धावपळीत मेली, १०० हून अधिक जखमी झाली. सैनिकांच्या शौर्याचा चित्रपट पाहायला आलेल्या माणसांना कोणत्याही शौर्याचा उपयोग झाला नाही. त्यांना हवे होते फक्त एक उघडे दार.

या दुर्घटनेत उन्नती आणि उज्ज्वल ही आपली दोन्ही मुले गमावलेल्या नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांनी पुढे न्यायालयीन लढा दिला आणि २०१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मालिका त्या पुस्तकावर आधारलेली आहे. प्रशांत नायर यांनी सहकाऱ्यांसह तिचे दिग्दर्शन केले. नीलमच्या भूमिकेत मराठी अभिनेत्री राजश्री देशपांडे आणि शेखरच्या भूमिकेत अभय देओल आहेत.

राजश्री देशपांडे यांचा अभिनय हा या मालिकेचा कणा. त्यांची नीलम फार रडत नाही. ती कागद वाचते. नकाशे, तपासणीचे अहवाल, परवाने, तारखा. दुःखाला कारकुनी काम लावून देणारी ही आई हिंदी पडद्यावरील आक्रोश करणाऱ्या आईपेक्षा वेगळी आहे. तिच्या बोटाखालून कागद सरकत जातात तसे प्रेक्षकाला समजत जाते, की ही आग एका संध्याकाळी लागली नव्हती. प्रत्येक वाढीव खुर्चीबरोबर, प्रत्येक नूतनीकरणाबरोबर ती थोडी थोडी लागत आली होती.

मालिकेचा दुसरा गुण असा, की ती दोष वाटताना सरधोपट होत नाही. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या वीज कर्मचाऱ्याच्या (राजेश तैलंग) घरातही ती शिरते. हातोडीने जोड ठोकणारा हात त्याचा होता हे खरे. पण योग्य यंत्र हातात नसताना काम उरकून टाकायला लावणारी व्यवस्था त्याची नव्हती. शिक्षेची वाटणी कशी होते, तळातला माणूस कसा सहज सापडतो आणि वरचा कसा वर्षानुवर्षे तारखा घेत राहतो, हे या उपकथेतून स्पष्ट होते. वास्तवातही खटला दोन दशके रेंगाळला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुशील आणि गोपाल अन्सल या मालकबंधूंना प्रत्येकी ३० कोटी रुपये दंड भरण्याच्या अटीवर उर्वरित कैदेतून सूट दिली. २०१७ मध्ये गोपाल अन्सल यांना उर्वरित शिक्षा भोगण्याचा आदेश झाला. २०२१ मध्ये पुराव्यांत फेरफार केल्याच्या प्रकरणात दोघांनाही दोषी ठरवले गेले.

मालिकेची रचनाही या जाणिवेशी सुसंगत आहे. चित्रपटगृहातील तो दिवस ती सविस्तर दाखवते ती शेवटच्या भागात. तोवर आपल्याला प्रत्येक खुर्ची, प्रत्येक दार, प्रत्येक जिना ठाऊक झालेला असतो. त्यामुळे धूर वर चढू लागतो तेव्हा ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता उरत नाही, ‘हे थांबवता आले असते’ ही जाणीव राहते. दृश्याचा आघात ज्वाळांच्या भव्यतेतून न येता आपल्या माहितीतून येतो.

७. दोन कलाकृतींच्या मधली रिकामी जागा

आता दोन्हींच्या मर्यादा एकमेकींच्या उजेडात पाहू. ‘अग्नी’त माणूस आहे, इमारत पुरेशी नाही. ‘ट्रायल बाय फायर’मध्ये इमारत आहे, पण आग विझवायला गेलेल्या माणसाचे आयुष्य तिच्या कक्षेबाहेर राहते. ती त्या मालिकेची चूक म्हणता येणार नाही, कारण तिचा विषय वेगळा आहे. पण दोघींच्या मध्ये एक न बनलेला चित्रपट आहे, आणि त्याची सामग्री दिल्लीत विपुल आहे.

८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे राणी झाशी रस्त्यालगतच्या अनाज मंडीत एका इमारतीला आग लागली. तिथल्या लहान कारखान्यांतले कामगार कामाच्या जागीच झोपलेले होते. ४३ जण मेले, बहुतेक गुदमरून. गल्ली इतकी अरुंद, की बंब एकामागून एकच आत जाऊ शकत होता. जवानांना खिडक्यांच्या जाळ्या कापाव्या लागल्या. त्यांच्यातील एकाने ११ जणांना बाहेर काढल्याची बातमी देशभर गाजली, आणि ती गाजायलाच हवी होती. पण त्या बातमीतील दुसरा अर्धा भागही वाचायला हवा : माणसाला पाठीवर घेऊन उतरावे लागले, कारण त्याला स्वतःच्या पायांनी उतरायला वाट ठेवलेली नव्हती.

१३ मे २०२२ रोजी मुंडका मेट्रो स्थानकाजवळील व्यापारी इमारतीत २७ जण मेले. ये-जा करायला एकच जिना होता आणि अग्निशमन खात्याचा ना हरकत दाखला नव्हता. अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी दर्शनी काचा फोडाव्या लागल्या. २ जानेवारी २०२० रोजी पीरागढी भागातील बॅटरीच्या कारखान्यात आग लागल्यावर स्फोट होऊन इमारत कोसळली आणि दिल्ली अग्निशमन सेवेतील एका जवानाचा मृत्यू झाला. मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाला लागलेल्या आगीत इमारत ढासळून चार अधिकारी गेले. दोघे तिथेच, तर प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दोघे नंतर रुग्णालयात.

या प्रत्येक घटनेत धाडस आहे. त्याचबरोबर त्या धाडसाची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी निर्णयाने ठरलेली आहे. देशभर १४ एप्रिलला पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिनसुद्धा हेच सांगतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्या जहाजात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. जवान आग विझवायला चढले तेव्हा त्यांचे मरण जहाज भरतानाच लिहून झालेले होते. आपण दरवर्षी त्यांच्या बलिदानाला मानवंदना देतो. मानवंदनेच्या त्या मिनिटभरात कापूस आणि स्फोटके एकत्र कोणी ठेवली, याची आठवण मात्र होत नाही.

अग्निशामकाच्या कामाची एक बाजू तर चित्रपटांनी जवळजवळ स्पर्शच केलेली नाही. तो आग विझवतो तसाच इमारत तपासतोही. ना हरकत दाखला त्याच्याच खात्याकडून येतो. उपहार प्रकरणात अग्निशमन खात्यातील एका अधिकाऱ्यालाही न्यायालयाने दोषी ठरवले होते. म्हणजे दाराची कडी तोडणारा आणि कडीकडे दुर्लक्ष करणारा गणवेश एकच असू शकतो. एका अधिकाऱ्याने केलेल्या तपासणीचा भरवसा धरून दुसरा जवान धुरात शिरतो. नाट्याच्या दृष्टीने यापेक्षा मोठा संघर्ष कोणता? यात बाहेरून खलनायक आणावा लागत नाही. खात्यातील दोन प्रामाणिक माणसे, एक तपासणीचा कागद आणि मालकाचा एक दूरध्वनी एवढ्यावर संपूर्ण चित्रपट उभा राहू शकतो.

राजधानी परिसरात या संघर्षाला आणखी एक पदर आहे. दिल्लीचे अग्निशमन दल दिल्ली सरकारचे, नोएडा आणि गाझियाबादचे उत्तर प्रदेशचे, गुरुग्राम आणि फरिदाबादचे हरियाणाचे. रस्ता ओलांडला की परवाना देणारे कार्यालय बदलते. कामगार मात्र सकाळी एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यातील जिना चढतो. मुंबईत दल महापालिकेचे असल्याने ‘अग्नी’ला एकाच ठाण्याचे कुटुंब उभे करणे सोपे गेले. दिल्लीची गोष्ट सांगणाऱ्याला या सीमारेषाही सांगाव्या लागतील.

८. समारोप

‘अग्नी’ने अग्निशामकाला नाव, घर आणि थकवा दिला. मुलाच्या डोळ्यांत स्वतःला लहान झालेले पाहणारा बाप ही त्याची खरी कमाई आहे, आणि ती रहस्यकथेपेक्षा जास्त काळ लक्षात राहते. मात्र आगीला शत्रूचा चेहरा देऊन तो ‘द बर्निंग ट्रेन’च्या वाटेने गेला. ‘ट्रायल बाय फायर’ने आगीला नकाशा, तारीख आणि सही दिली. ती पाहिल्यावर प्रेक्षक पुढच्या वेळी चित्रपटगृहात शिरताना बाहेर जाण्याचे दार कुठे आहे ते पाहतो. कलाकृतीकडून समाजाला होणारा हा छोटा लाभ नाही.

समीक्षकाने कोणत्याही शौर्यकथेला एक साधा प्रश्न विचारावा : हे शौर्य कोणाच्या चुकीमुळे गरजेचे झाले? प्रश्न विचारल्याने शौर्य कमी होत नाही. उलट ते नेमके होते. जाळी कापून आत शिरणाऱ्या जवानाला टाळ्या हव्यातच. पण त्याला स्वतःला काय हवे असेल असा विचार केला, तर उत्तर बहुधा टाळ्या हे नसेल. खिडकीला जाळीच नसावी, एवढेच असेल.

स्वाध्याय

१. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ आणि ‘द बर्निंग ट्रेन’ या चित्रपटांत आगीच्या कारणांत पडलेला फरक स्पष्ट करा. या फरकाचा प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेवर कोणता परिणाम होतो?

२. ‘अग्नी’तील मुलगा, वडील आणि मामा यांच्या संबंधांतून अग्निशामकाच्या सामाजिक स्थानाविषयी काय सूचित होते? चित्रपटाचे कथानक या सूचनेशी सुसंगत राहते का?

३. ‘ट्रायल बाय फायर’मध्ये दुर्घटनेचा दिवस शेवटी दाखवल्यामुळे काय साधते? तोच दिवस पहिल्या भागात सविस्तर दाखवला असता तर कोणता फरक पडला असता?

४. आपल्या महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या इमारतीत फिरून जिने, दारे, खिडक्यांच्या जाळ्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांची नोंद करा. या नोंदींच्या आधारे, कोणीही आग न लावता घडणाऱ्या एका लघुपटाचा आराखडा दोन पानांत लिहा.